आप्पासाहेबांच्या भिंतीतला उंबर

नागीण डूख धरते म्हणतात. मी काही नागिणीला विचारायला गेलो नाही. पण आमच्या राहीबाईनं धरलेला डूख मी जवळून पाहिलाय, आणि नागिणीनं येऊन तिच्याकडे शिकवणी लावावी असा तो होता. कितीतरी वर्षं तिनं तो पदराच्या गाठीत सांभाळला आणि मग एके दिवशी भरदुपारी, गवंड्याच्या देखत, मालकाची मजुरी घेऊन मालकाच्याच भिंतीत नेऊन ठेवला.

हे घडलं सोनईच्या अलीकडे, आमच्या गावात, सत्तर ते त्र्याहत्तर सालात. पण सुरुवात शाळेपासून करायला हवी. राहीबाई काय चीज आहे हे त्याशिवाय कळायचं नाही.

आमच्या गावाला पूर्वी शाळा होती, पण शाळेला भिंती नव्हत्या. ओढ्याकाठी गावकीच्या जागेत करंज, जांभूळ, चिंचा आणि एक थोराड उंबर अशी राई होती. तिथं नृसिंह मास्तर शाळा भरवायचे. जागा नव्हती म्हणून नव्हे हं. मारुतीच्या देवळाची ओवरी मोकळीच होती. मास्तरांनाच ती नको होती. "ओवरीत पोरगं पेंगलं तर पेंगतच राहतं," ते म्हणायचे, "चिंचेखाली पेंगलं तर डोक्यात चिंच पडते."

बेरीज करंजाच्या बियांवर. वजाबाकी जांभळांवर, कारण जांभळं मोजता मोजताच वजा व्हायची. भूगोल म्हणजे ओढा: पाणी कुठून येतं, कुठं वळतं, काठ कुठं खातं. आणि परीक्षा म्हणजे डोळ्यांना फडकं बांधून झाडाच्या सालीवर हात फिरवायचा नि झाडाचं नाव सांगायचं. गावातले बाप एकमेकांना डोळे घालायचे. "तुझं पोरगं काय शिकून आलं?" "माकड हून आलं. तुझं?" "माझं आदीचंच माकड हाय, मास्तरला सोपं गेलं."

या शाळेत भागूबाईची थोरली राही पहिली यायची. डोळे बांधले तरी तिला साल लागत नसे; नुसत्या वासावर सांगायची. पुढं बाई झाली, डोक्यावर घमेलं आलं, तरी रस्त्यानं जाताना मोकळा हात झाडाच्या खोडावरून फिरवत जायची तिची सवय गेली नाही.

एके वर्षी मास्तरांनी पोरांपुढं एक कोडं ठेवलं. पिकलेलं उंबर फोडलं, आत मोहरीहून बारीक बिया. त्या एका वाफ्यात पेरल्या. दुसऱ्या वाफ्यात पेरायची होती पाखरांची शिट, उंबरं खाऊन साळुंक्या जी खाली टाकतात ती. आता ती गोळा कोण करणार? सगळ्या पोरांनी नाकं धरली. राहीनं करंजाचं पान घेतलं आणि मुकाट्यानं गोळा करून आणली. पहिल्या वाफ्यात चुकूनमाकून एखादं रोप. दुसऱ्यात नुसती गर्दी.

"बघ राहे," मास्तर म्हणाले, "पाखराच्या पोटातून गेलं की बी जागं होतं. मग त्याला शेत लागत नाही. दगडाची फट मिळाली तरी पुरते. आणि मूळ एकदा धरलं की ते पाण्याचा माग काढत जातं. घाई करत नाही, पण थांबतही नाही."

हा धडा पोरीनं किती मनावर घेतला हे मास्तरांना कळायला हवं होतं. असो.

मास्तरांनी ठरवलं होतं, चौथी झाली की राहीला नगरला न्यायचं, बोर्डिंगात ठेवायचं, पुढं ट्रेनिंगला घालायचं. गावची पहिली मास्तरीण. भागूबाईनं बाजारातून पत्र्याची पेटीसुद्धा आणली. त्या पेटीवर गुलाबाचं फूल काढलेलं होतं आणि राही ते फूल रोज परकरानं पुसायची.

आता आप्पासाहेब. तेव्हा ते पंचविशीचे होते आणि शाळा कमिटीचे चेअरमन होते. स्वतःचं शिक्षण किती, हे कुणी विचारलं की त्यांना नेमका खोकला यायचा. त्यांचं रान राईला लागून. पाट आला, ऊस आला, आणि आप्पासाहेबांना त्या झाडांच्या जागी ऊस दिसायला लागला. दिसतो माणसाला.

मच्छिंद्र नावाचं एक पोरगं जांभळीवरून पडलं नि त्याचा हात मोडला. पडलं रविवारी, शाळेला सुट्टी असताना. पण आप्पासाहेबांनी वर जाऊन सांगताना रविवारचा सोमवार केला. जीपमधून एक साहेब आले. त्यांना काय दिसलं, तर दहा-बारा पोरं डोळे बांधून झाडांना मिठ्या मारताहेत.

"फळा कुठंय तुमचा?" साहेबांनी विचारलं.

मास्तरांनी वर बघितलं आणि म्हणाले, "एवढं आभाळ आहे की."

साहेबांना आभाळावर खडूनं लिहिलेलं काही दिसलं नाही. मास्तरांची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, कोरड्या मुलखात झाली. निघाले तेव्हा राही त्यांच्यामागून फाट्यापर्यंत रडत गेली. चावडीपुढं आप्पासाहेब उभे होते. मोठ्यानं म्हणाले, "जावा मास्तर, तिकडं बाभळीला शिकवा आता!" आणि राहीला म्हणाले, "तू गं कुठं निगालीस? हो मागं. शेन गोळा कर जा. तेवढं तर मास्तरनं शिकवलंय तुला!"

चावडीपुढची माणसं हसली. मीही तिथंच होतो. राही हसणाऱ्यांकडे बघत नव्हती, आप्पासाहेबांकडे बघत होती. तिचं रडं एकदम थांबलं होतं.

मग गावकीची ती जागा आप्पासाहेबांनी आपल्या नावावर करून घेतली आणि राई तुटली. लाकूड गुऱ्हाळाच्या चुलवणात गेलं. उंबराला मात्र कुणी कुऱ्हाड लावेना. उंबर म्हणजे दत्त महाराजांचं ठाण. तोडणाऱ्याचा वंश बुडतो हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत. तेव्हा आप्पासाहेबांनी तो बांधावर ठेवून दिला. शाळा गेली ओवरीत, राही गेली घरी, आणि गुलाबाच्या फुलाची पेटी नगरला जायच्या ऐवजी सासरी गेली. नवऱ्यानं पुढं दुसरी केली, तशी पेटी नि राही दोघी माहेरी परत आल्या. मास्तर तिकडंच वारले, असं कुणी पाहुण्यानं येऊन सांगितलं. त्या दिवशी राहीबाई कामावर गेली नाही, एवढंच.

सत्तर साली आप्पासाहेबांनी बंगला बांधायला काढला. गावातला पहिला स्लॅबचा बंगला, आणि नेमका राईच्या जागेवर. उसानं जमीन दमली होती, शिवाय रस्त्यावरून दिसायला पाहिजे ना! गवंडी होता सूर्यभान. हात चांगला, पण स्वतःच्या कामाची स्तुती ऐकली की त्याची थापी थांबायची. ओल्या भिंतींना दिवसातून दोनदा पाणी मारायला एक बाई हवी होती. राहीबाई गेली आणि काम मागून आली.

माझ्याकडे ही बातमी रंगुबाईनं आणली. रंगुबाई राहीची शेजारीण. एकीचं दुसरीला सांगितल्याशिवाय तिला भाकर पचत नसे, आणि माझा त्याला कधीच आक्षेप नव्हता. रंगुबाईनं राहीला विचारलं होतं, "आगं, त्या माणसाच्या दारात जातीस कामाला? लाज न्हाई?"

"दारात न्हाई," राही म्हणाली, "भिंतीत जाती."

रंगुबाईला तेव्हा काही कळलं नाही. मलाही नाही.

राहीबाई रोज बंगल्यावर जाताना बांधावरच्या उंबराखाली थोडी थांबायची. साळुंक्यांचा कालवा ऐकतेय असं वाटायचं. हातात करंजाचं पान असायचं. दिवाणखान्याची मागची भिंत आणि न्हाणीच्या पाण्याचा हौद जिथं एकमेकांना भेटत होते, तिथला सांधा तिनं हेरला होता. ओल कायमची, सावली बेताची, आणि पुढून दिसायचं नाही. विटांच्या दरजेतला ओला माल बोटानं उकरायचा, त्यात शेणमातीत कालवलेली साळुंकीची शिट भरायची, वरून लिंपायचं. सूर्यभाननं तिला एकदा धरलंच.

"काय चोपडतीस गं तितं?"

"भेग बुजवती, दादा."

"माझ्या भिंतीला भेग?"

"तुमच्या भिंतीला कशी आसंल? उंदरानं केली आसंल. तुमची भिंत म्हंजे लोखंड. समदं गाव म्हनतंय."

सूर्यभानची थापी थांबली. त्यानं विडी पेटवली, आणि राहीनं उरलेला सांधा भरून घेतला.

बंगल्याची वास्तुशांत दणक्यात झाली. आप्पासाहेबांनी एकेकाला धरून धरून फरशी दाखवली. "पडीक जागा हुती. मास्तर माकडं नाचवायचा इतं. आमी सोनं केलं." राहीबाई पंगतीत बसली होती. तिनं दोन लाडू जास्तीचे मागून घेतले आणि रंगुबाईच्या कानाला लागली, "खाऊन घे गं. ह्या घरात पुन्ना वास्तुशांत न्हाई व्हायची."

भिंती वाळल्या, पण राहीबाई तिथंच राहिली. आप्पासाहेबांच्या मंडळी आक्काबाई, त्यांनी तिला धुण्याभांड्याला ठेवून घेतलं. आक्काबाईंबद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचा सगळा खेळ त्यांच्या भाबडेपणावर उभा आहे. त्या दत्त महाराजांच्या भक्त. नातवासाठी गुरुवार धरलेले. गुरुवारी साप निघाला तरी त्या आधी हात जोडायच्या, मग ओरडायच्या. राहीबाईनं त्यांची भांडी घासता घासता हे पुरतं ओळखलं होतं. पिंपळ लावला असता तर मुंजा आला म्हणून आक्काबाईंनी घर डोक्यावर घेतलं असतं आणि मांत्रिक बोलावला असता. वड चालला नसता. उंबरच हवा होता.

पावसाळा सरत आला तेव्हा एका गुरुवारी आक्काबाई न्हाऊन बाहेर आल्या आणि हौदापाशी जागच्या जागी उभ्या राहिल्या. भिंतीतून चार पानं बाहेर डोकावत होती.

"राहे, आगं हिकडं ये! उंबर हाय का गं ह्यो?"

राही राखेचे हात घेऊन आली. वाकून बघितलं. "उंबरच दिसतोय, बाई."

"लावला कुनी?"

"भिंतीत कोन कशाला लावील? आपल्या पायानं आलाय म्हनायचा."

बस्स. आक्काबाईंनी तिथंच बसकण मारली. हळदकुंकू आलं, उदबत्ती आली. महाराज आपल्या पायानं आले! आप्पासाहेब आरडाओरडा ऐकून बाहेर आले. व्यवहारी माणूस. म्हणाले, "भिंतीत झाड कसलं ठिवताय? उपटून टाका."

"उपटू का, मालक?" राहीबाई चटकन पुढं झाली आणि तिनं रोपाला हातसुद्धा घातला.

आक्काबाई अशा किंचाळल्या की रस्त्यावरचा बैल बुजला. "हात लावशील तर याद राख! माझ्या नातवाच्या मुळावर उटलीस व्हय गं?" राहीनं जीभ चावली, कानाला हात लावले आणि भांड्यांकडे गेली. त्या दिवसापासून आप्पासाहेबांच्या घरात त्या रोपाला हात लावायची भाषाच बंद झाली.

रंगुबाईनं नंतर विचारलं, कारण एव्हाना तिला सगळं कळलं होतं. "आन् आक्काबाई वरडल्या नस्त्या मंग?"

"आक्काबाई वरडनार न्हाईत व्हय?" राही म्हणाली. "रोज त्यांच्या घरात वावरती मी. त्यांचा जीव कंच्या फांदीवर बसतो त्ये मला ठावं हाय."

दर गुरुवारी आक्काबाई त्या सांध्यात कळशीभर पाणी स्वतःच्या हातानं ओतायच्या. मालकीण पाणी घालतेय, मालकाची भिंत पितेय, आणि राहीबाई शेजारी बसून पातेली घासतेय. असलं सुख मी तरी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. पातेली आरशासारखी चमकायची.

पुढच्या वर्षी सुनेला मुलगा झाला. आता सून आधीपासूनच गरोदर होती, साळुंकीच्या पोटाचा तिच्या पोटाशी काय संबंध? पण आक्काबाईंना हे सांगणार कोण? उंबराला चांदीचे डोळे बसले. आणि त्याच सुमारास दिवाणखान्यात, आप्पासाहेबांच्या फेट्यातल्या तसबिरीच्या बाजूनं, सुतासारखी एक चीर खाली उतरली.

सूर्यभानला बोलावलं. त्यानं चिरेवर बोट फिरवलं, मागं जाऊन उंबर पाहिला आणि हात जोडले. "मालक, भिंत माझी बरोबर हाय. देवानं मधी घर केलं, त्याला गवंडी काय करनार?"

"मूळ तोड."

"मला बी नातू व्हायचाय, मालक."

गावातला एकही माणूस तयार होईना. मग आप्पासाहेबांनी गुपचूप श्रीरामपूरहून एक ख्रिस्ती कामगार आणला. त्याला उंबराचं भय नव्हतं. आला, कुदळ टेकवली, आणि बघतो तर आक्काबाई खोडाला मिठी मारून बसलेल्या, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. त्यानं टोपी काढली. "साहेब, माझा देव वेगळा आहे, पण ह्या आईच्या रडण्याचं पाप माझाही देव माफ करणार नाही." जाण्या-येण्याचं भाडं घेऊन तो एस.टी.त बसला. आमच्या शिंप्याच्या दुकानात त्या दिवशी कुणी टाका घातला नाही, नुसते हसत होते.

इथवर सगळं राहीबाईच्या मनासारखं चाललं होतं. पण सूड उगवणाऱ्याचीही कधी कधी फजिती होते. बहात्तर साल आलं. पावसानं तोंड फिरवलं, विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला सडकेच्या कामावर गेली. सगळ्या शिवारात हिरवं म्हणून काही उरलं नाही. हिरवा राहिला तो आप्पासाहेबांच्या भिंतीतला उंबर. मूळ हौदाखालून न्हाणीच्या मोरीत गेलेलं, तिथून पायाखालच्या जुन्या ओढ्याच्या ओलीला लागलेलं. राहीला हे माहीत होतं. लोकांना एवढंच दिसलं की जग जळतंय आणि महाराजांचं पान सुकत नाही. गुरुवारी रांग लागायला लागली. सोनईहून माणसं यायला लागली.

आणि आप्पासाहेब फिरले की हो! ज्या झाडाच्या नावानं वर्षभर दात खाल्ले, त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसायला लागले. कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं. चीर रुंद झाली होती, तिच्यावर त्यांनी दत्ताचं कॅलेंडर लावलं. येणाऱ्याला सांगायचे, "गावात एवढी घरं हुती, पन महाराज माझ्याच घरी का आले? मी त्या टायमाला राई तोडली, पन उंबर राखला. त्याचं फळ हाय ह्ये."

हे ऐकून राहीबाईचा जो काय तळतळाट झाला म्हणता! तिनं घर पाडायला झाड लावलं, आणि त्या झाडानं आप्पासाहेबांना पुण्यवान केलं. लोक त्यांच्या पाया पडायला लागले. रंगुबाई म्हणाली, राही घरी येऊन नुसती भिंतीकडे तोंड करून बसते, भाकर खात नाही. "त्याचं घर पडंल गं," रंगुबाई तिला समजवायची. "पडंल," राही म्हणायची, "पन त्याला वाटंल देवानं पाडलं. मला त्याला म्हाईत करायचंय कुनी पाडलं त्ये."

पण सांगायचं कसं? सांगितलं की देव संपला. देव संपला की आप्पासाहेब त्याच दुपारी झाड मुळासकट काढणार. गप्प राहावं तर तो फुशारतोय, बोलावं तर झाड जातंय. या दोन दगडांत ती कित्येक आठवडे दळली जात होती.

दत्तजयंतीला अंगणात माणूस मावत नव्हतं. दिवेलागणीला महाराजांचा पाळणा हलवला, सुंठवडा वाटला, आणि आप्पासाहेब बोलायला उभे राहिले. बोलता बोलता रंगात आले. "ह्याच जागेवर एक मास्तर हुता. पोरांना माकडं करायचा. मी घालवला. गेला बाभळीला शिकवायला!" आणि हसले. लोकही हसले, सुंठवडा तोंडात असला की माणूस कशालाही हसतो.

राहीबाई भांड्यांच्या ढिगाऱ्यातून उठली. हात तसेच खरकटे. माणसं बाजूला सारत थेट आप्पासाहेबांपुढं जाऊन उभी राहिली.

"आप्पासाहेब, ह्यो उंबर कुनी लावला ठावं हाय का तुला?"

तुला! रंगुबाईनं डोळे मिटून घेतले.

"म्या लावला. बांधावरच्या उंबराखालची साळुंकीची शिट आनली, शेनात कालवली आन् ह्या बोटानं तुझ्या भिंतीत कोंबली. तुझी मजुरी घेऊन कोंबली! शेन गोळा कर म्हनला हुतास न्हवं मला चावडीपुढं? केलं बग गोळा! नृसिंह मास्तरांनी शिकवलं तसं केलं. देव न्हाई, काय न्हाई. ही भिंत पडावी म्हनून केलंय!"

पहिले सावरले आप्पासाहेब. तोंड लाल झालेलं, पण डोळ्यांत आनंद. त्यांनी नारळ फोडायचा कोयता उचलला. "ऐकलं का समद्यांनी? बाईनं लावलंय! शिट हाय ही साळुंकीची! आता कुनी मधी यायचं न्हाई!"

आक्काबाई मध्ये आल्या. आधी नवऱ्याच्या हातातला कोयता काढून घेतला, मग राहीपुढं गेल्या. मला वाटलं, आता झिंज्या धरतात. त्यांनी वाकून राहीच्या पायांवर डोकं ठेवलं.

"तुळस काय आभाळातनं पडती व्हय?" त्या लोकांकडे वळून म्हणाल्या. "कुनीतरी लावतंच की! महाराजांनी हिचा हात धरला. पाखराच्या पोटातनं आले, हिच्या बोटातनं आले. माझ्या घरात राबली, आन् मी हिला ओळखलं न्हाई!"

"बाई, सोडा पाय!" राही ओरडली. "मी तुमचं घर पाडाया लावलंय ह्ये!"

"पडू दे. महाराजांना ऐसपैस हुईल."

मागून कुणीतरी गजर केला. मग काय विचारता! रांग उंबराकडून राहीबाईकडे वळली. खडी फोडून हातांना घट्टे पडलेली माणसं तिच्या पायांना हात लावायला लागली. तिनं शिव्या दिल्या. ठेवणीतल्या दिल्या. लोकांनी त्या हात जोडून घेतल्या, अवलियाच्या शिव्या फळतात म्हणतात. ती जितकी खरं सांगायची, तितकी गर्दी वाढायची. वाकून पाया पडणाऱ्या त्या डोक्यांच्या वरून तिला समोर एकच माणूस उभा दिसत होता, आप्पासाहेब. रंगुबाई सोडली तर भर अंगणात तिचं म्हणणं खरं मानणारा तो एकटाच होता.

राहीबाईनं त्यांच्याकडे पुरेसं पाहून घेतलं आणि मग शिव्या थांबवल्या. "पडा," म्हणाली लोकांना, "पडा पाया." त्या रात्री ती जेवली, असं रंगुबाईनं मला मुद्दाम येऊन सांगितलं.

त्यानंतर आप्पासाहेबांनी खुर्ची उचलली. गंध गेलं, उपरणं गेलं. लोकांना पटवायचा प्रयत्न त्यांनीही करून पाहिला. तेव्हा लोक आपसांत म्हणायला लागले, मालकांचं पुण्य सरलं, महाराजांची निंदा करतात. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दिवाणखान्याची तुळई खाली आली. माणूस कुणी नव्हतं, फेट्यातली तसबीर तेवढी गेली. चिरेतून आता उंबराचं मूळ आत आलं होतं, मनगटाएवढं, आणि फरशीखाली शिरलं होतं.

एका दुपारी आप्पासाहेब एकटेच छत्री घेऊन राहीबाईच्या झोपडीपुढं आले. रंगुबाई कुडाआड बसून शेंगा फोडत होती. तिच्या हातातल्या शेंगा लगेच फुटेनाशा झाल्या.

"राहीबाई," आप्पासाहेब म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा बाई.

"बोला."

"लोकं माझं ऐकत न्हाईत."

"माझं तरी कुठं ऐकत्यात?"

"मला म्हाईत हाय, तू खरं बोलतीस."

"म्हनून तर बरी झोप लागती मला."

आप्पासाहेबांनी छत्री मिटली. उन्हातच उभे राहिले. "कुनाला कळू न देता मूळ मारायचा काहीतरी विलाज आसंल. तुला मास्तरनं शिकवला आसंल."

"कुनी?"

आप्पासाहेबांनी मागं वळून रस्ता बघून घेतला. "नृसिंह मास्तरांनी."

राहीबाई उठली. झोपडीच्या मेढीला टेकून उभी राहिली आणि अगदी सावकाश म्हणाली, "उगवायचं तेवढं शिकवलं त्यांनी. मारायचं कसं, तो धडा म्होरल्या इयत्तंत आसंल. तवर तुमी शाळा मोडलीत."

दसऱ्याच्या आत आप्पासाहेबांनी बिऱ्हाड मळ्यातल्या इंजिनाच्या खोलीत हलवलं. गाडीत गाद्या भरल्या, तिजोरी भरली, पुढं स्वतः बसले आणि आक्काबाईंना हाक मारली. त्या उंबरापाशी कळशी घेऊन उभ्या होत्या, नातू कडेवर.

"तुमी व्हा म्होरं," त्या म्हणाल्या, "आज गुरुवार हाय."